सहावी ते आठवीच्या वर्गाला चित्रकला शिकवताना : सोलापुरातील नव्या कलाशिक्षकांसाठी

ए.टी.डी. (आर्ट टीचर डिप्लोमा) पूर्ण करून पहिल्यांदा माध्यमिक शाळेत रुजू होणाऱ्या शिक्षकाच्या वाट्याला बहुधा सहावी ते आठवीचे वर्ग येतात. आठवड्याला एक किंवा दोन तासिका, त्याही पस्तीस-चाळीस मिनिटांच्या, पन्नास-साठ मुले, शेजाऱ्याचा कोपर लागल्याशिवाय रेघ ओढता येणार नाही असे बाक आणि मैदानाच्या पलीकडच्या टोकाला पाण्याचा नळ, अशी साधारण परिस्थिती असते. पदविकेच्या काळात आपण जे शिकलो ते एवढ्या वेळात आणि एवढ्या जागेत कसे बसवायचे, हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात उभा राहतो. पुढील पायऱ्या सोलापुरातील शाळा डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत. मात्र त्यांतील बराचसा भाग कुठल्याही गावातल्या शिक्षकाला चालण्यासारखा आहे.

या वयातले मूल कुठे अडते

चौथीतले मूल खडू हातात आला की न विचारता डोंगर, सूर्य, झोपडी आणि नदी काढून मोकळे होते. तेच मूल सहावीत आले की कोऱ्या कागदावर हात आडवा ठेवून बसते आणि म्हणते, “येईना ओ सर मला.” त्याची हातोटी गेली असे समजू नये. अकरा-बारा वर्षांच्या सुमारास मुलाची नजर त्याच्या हाताच्या पुढे जाते. समोरचा तांब्या आणि आपण काढलेला तांब्या यांतला फरक त्याला दिसू लागतो, पण तो फरक नेमका कशामुळे पडला हे त्याला सांगता येत नाही. हा फरक शोधण्याची रीत त्याला देणे, हेच या तीन वर्षांचे मुख्य काम आहे असे मी मानतो आणि पुढची सगळी मांडणी त्याच धोरणाने केली आहे.

फळ्यावर निसर्गचित्र काढून ते उतरवून घ्यायला लावणे ही पद्धत शाळांमध्ये अजूनही रूढ आहे. त्याच्या उलट टोकाला “मनाला येईल ते काढा” असे सांगून वह्या तपासत बसणारेही आहेत. पहिल्या रीतीत मूल दुसऱ्याने पाहिलेले गिरवते आणि दुसरीत आधीपासून येत असलेलेच पुन्हा काढते. दोन्ही वेळा ज्या ठिकाणी ते अडले होते तिथेच राहते.

साहित्याची व्यवस्था

शाळा सुरू होण्यापूर्वी मुख्याध्यापकांना भेटून चित्रकलेच्या दोन तासिका लागोपाठ मिळतील का, हे विचारावे. रंगकामाचा तास सुटा असेल तर पाणी आणणे आणि ब्रश धुणे यांतच अर्धा वेळ जातो. जोडतासिका मिळत नसेल तर रंगकाम महिन्यातून एकदाच ठेवावे आणि एरवी पेन्सिल, खडू व कात्रणांची कामे घ्यावीत.

सोलापुरात यंत्रमागावर काम करणाऱ्या आणि विडी वळणाऱ्या कुटुंबांतली मुले अनेक वर्गांत असतात, त्यामुळे प्रत्येकाने रंगांची महागडी पेटी आणावी असा आग्रह धरणे योग्य नाही. प्रत्येक मुलाकडे २बी पेन्सिल, खोडरबर आणि एक चित्रकला वही एवढे पुरे. पोस्टर रंगांच्या मोठ्या बाटल्या शाळेच्या खर्चातून घ्याव्यात : लेमन यलो, क्रिमसन, शेंदरी, अल्ट्रामरीन निळा, पांढरा आणि काळा. हिरवा, जांभळा व तपकिरी मुद्दाम घेऊ नयेत. ते मिसळूनच करायचे असतात. सरावासाठी जुन्या कॅलेंडरचे पाठकोरे कागद उत्तम, कारण ते जाड असतात, ऑगस्टपर्यंत ढीगभर जमतात आणि कागद वाया जाण्याची भीती नसल्याने मुले त्यांवर मोकळ्या हाताने काढतात.

पहिला महिना : पेन्सिल आणि तांब्या

पहिले दोन तास रेषेला द्यावेत. आपलाच डावा हात बाकावर ठेवून, कागदाकडे शक्य तितके कमी पाहत, त्याची बाह्यरेषा सावकाश काढायला सांगावी. चित्र वेडेवाकडे येते आणि वर्गात हशा पिकतो. तो पिकू द्यावा. डोळा बोटाच्या कडेवरून जितक्या गतीने सरकतो तितक्याच गतीने पेन्सिल सरकली पाहिजे, एवढे कळले तरी तास सार्थकी लागला. दुसऱ्या तासाला प्रत्येकाने पायातली चप्पल समोर ठेवून काढावी. चप्पल सगळ्यांकडे असते, प्रत्येकाची निराळी असते आणि कुठल्याही पाठ्यपुस्तकात तिचे तयार चित्र नसते.

त्यानंतर वस्तुचित्राकडे वळावे. येथे थोडे सविस्तर लिहितो, कारण तांब्या, ग्लास, कळशी अशा गोल भांड्यांशी मुलांची गाठ दहावीपर्यंत पडणार आहे आणि जवळपास प्रत्येक वर्गात त्याच दोन चुका दिसतात. पहिली चूक अशी की भांड्याच्या तोंडाचा लंबगोल दोन्ही टोकांना टोकदार होतो, म्हणजे भांड्याचे तोंड डोळ्याच्या आकाराचे दिसते. दुसरी चूक अशी की तोंड गोल काढले जाते, पण बूड मात्र सरळ रेघेने काढले जाते. कारण भांडे टेबलावर सपाट टेकलेले आहे हे मुलाला माहीत असते आणि ते दिसण्याऐवजी माहीत असलेले काढते.

यावर सांगण्यापेक्षा दाखवणे बरे. काचेचा एक सरळ ग्लास अर्धा पाण्याने भरून हातात घ्यावा आणि तो मुलांच्या डोळ्यांच्या पातळीवर धरावा. आता पाण्याची कड सरळ रेघेसारखी दिसते. ग्लास हळूहळू खाली नेला की तीच रेघ उघडत जाते, आधी अरुंद लंबगोल होतो आणि मग रुंद. ग्लास अगदी खाली, जमिनीजवळ नेल्यावर वरून जवळजवळ पूर्ण वर्तुळ दिसते. पन्नास मुलांना एकाच वेळी हे नीट दिसत नाही, म्हणून ग्लास घेऊन रांगांमधून फिरावे आणि प्रत्येक रांगेत तीन-चार मुलांना स्वतः तो वर-खाली करू द्यावा. त्यानंतर एकच प्रश्न विचारावा : ग्लास टेबलावर ठेवला तर तोंडाचा लंबगोल जास्त उघडा दिसेल की बुडाचा? बूड डोळ्यांच्या पातळीपासून अधिक खाली असते, म्हणून बुडाचा लंबगोल तोंडापेक्षा अधिक उघडा असतो. हे उत्तर मुलांनी ग्लासात पाहून द्यावे, शिक्षकाने आधी सांगू नये.

मग कागदावर उभा मध्यअक्ष, त्याच्या दोन्ही बाजूंना समान रुंदी, तोंडाचा आणि बुडाचा पूर्ण लंबगोल, म्हणजे मागची न दिसणारी बाजूसुद्धा फिकट रेघेने काढलेली, आणि शेवटी बाजूच्या कडा, या क्रमाने जावे. लंबगोल काढताना मनगट न हलवता कोपरापासून हात फिरवून दोन-तीन फिकट फेरे मारायला लावावेत. या कामात खोडरबर बाजूला ठेवायला सांगणे बरे, कारण फिकट चुकीच्या रेघा दिसत राहिल्या तरच त्यांच्या आधाराने बरोबर रेघ सापडते. पहिल्या दिवशी फक्त ग्लास घ्यावा. तांब्या त्याच्या गळ्यामुळे आणि फुगीर पोटामुळे पुढच्या आठवड्यावर ठेवावा.

छायाप्रकाशासाठी डाळिंब घ्यावे. सोलापूर जिल्ह्यात ते सहज मिळते आणि त्याचा गोल किंचित कोनदार असल्याने छटा कुठे बदलते ते स्पष्ट दिसते. उजेड एकाच खिडकीतून येईल असे पाहावे, वर्गातले दिवे बंद करावेत आणि चारच छटा काढायला सांगाव्यात : उजेड, मधली छटा, गडद छाया आणि टेबलावर पडलेली सावली. बोटाने चोळून छटा गुळगुळीत करण्याची सवय मुलांना फार लवकर लागते. ती सुरुवातीलाच मोडावी.

रंग आणि सोलापूरचे ऊन

रंगमिश्रणाचा पहिला धडा दोन लाल रंगांचा असावा. क्रिमसनमध्ये निळा घातला तर चांगला जांभळा मिळतो, शेंदरीत निळा घातला तर मळकट तपकिरी. निळ्यात लाल मिसळला की जांभळा होतो हे मुलांनी पाठ केलेले असते, त्यामुळे एका वाटीत जांभळा आणि दुसरीत चिखल झालेला पाहून त्यांना खरे कुतूहल वाटते. शेंदरीत पिवळेपणाचा अंश असतो आणि पिवळा जांभळ्याला मारतो, हे कारण त्यानंतर सांगितले तर ते लक्षात राहते. मिसळताना नेहमी फिक्या रंगात गडद रंग थेंबाथेंबाने घालावा; उलट केले तर बाटली संपते आणि हवी ती छटा येत नाही.

आपल्याकडच्या हवेचा विचार वर्षाच्या नियोजनातच करावा लागतो. मार्चनंतर ऊन तापू लागते, एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि कोरड्या हवेत जलरंगाचा हात कागदावर पसरण्यापूर्वीच सुकून त्याच्या कडा उमटतात. ओल्या कागदावरचे काम जुलै ते जानेवारीत उरकावे. तरीही कागद लवकर सुकत असेल तर तो दोन्ही बाजूंनी ओला करून घ्यावा आणि आभाळासारखा मोठा भाग एका दमात न करता लहान भागांत करावा. उन्हाळ्यात शाळा सकाळची झाली की पेन्सिल, तेलखडू, कात्रणे आणि अक्षरलेखन घ्यावे. पोस्टर रंगांच्या बाटल्यांत सुटीआधी थोडे पाणी घालून झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा लावून ठेवला, तर जूनमध्ये रंगांचे खडे फोडत बसावे लागत नाही.

संकल्पचित्र : चौकटीच्या वहीत चादर

संकल्पचित्र हा विषय मुलांना रुक्ष वाटतो. वर्तुळाचे आठ भाग करा, पाकळ्या काढा, एकाआड एक रंगवा, एवढ्यावर तो संपतो आणि हे असे का करायचे ते कुणी सांगत नाही. सोलापुरात मात्र या विषयाचा उपयोग मुलांच्या अंथरुणावर पसरलेला असतो. भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर जकार्ड या नक्षी विणण्याच्या यंत्रावर विणली जाते, आणि तिच्यावरचा मोर किंवा वेल आधी बारीक चौकटींच्या कागदावर भरून तयार होतो. पूर्व भागातल्या अनेक मुलांच्या घरी किंवा शेजारी हे काम जाणणारे कुणीतरी असतेच. अशा एखाद्या जाणत्या पालकांना विनंती करून तासाला बोलावले तर शिक्षकाचे निम्मे काम होते, मुलांनी त्यांना “काका, धागा तुटला तर काय करता?” असे प्रश्न विचारले तरी विषयांतर मानू नये.

जकार्डचे तत्त्व सातवीच्या मुलांना समजेल इतके सोपे आहे. फ्रान्समधील जोसेफ मारी जकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेल्या या यंत्रात पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके असतात. जिथे भोक आहे तिथला उभा धागा उचलला जातो, जिथे नाही तिथला खालीच राहतो, आणि मधून आडवा धागा जातो. म्हणजे नक्षीतला प्रत्येक ठिपका “आहे” किंवा “नाही” एवढ्यावर ठरतो. चौकटीच्या वहीत मुलांनी हाच नियम पाळायचा : चौकट पूर्ण भरायची किंवा पूर्ण रिकामी ठेवायची, अर्धी नाही, तिरकी नाही.

गणिताच्या वहीत चोवीस चौकटी लांब आणि चोवीस रुंद असा भाग आखून घ्यावा. आधी त्यात मोर, आंबा, पान किंवा मासा पेन्सिलीने नेहमीसारखा गोलाईने काढावा आणि मग रेघेच्या आत ज्या चौकटींचा निम्म्याहून अधिक भाग येतो त्या भराव्यात. येथे मुलांची पहिली खरी अडचण सुरू होते. मोराची मान चौकटींत बसवली की तिच्या पायऱ्या होतात आणि ती मोडलेली दिसते. अशा वेळी मुलाच्या शेजारी बसून पायऱ्या मोजायला लावाव्यात. एका ओळीत तीन चौकटींची पायरी, मग एकीची, मग पुन्हा तिनाची, असा क्रम असेल तर वळण मोडते. एक, एक, दोन, तीन, पाच अशी पायरी क्रमाने वाढत गेली तर तीच रेघ लांबून गोल दिसते. वही हातभर दूर धरून डोळे किलकिले करून पाहायला सांगावे. हा एक नियम सापडला की मुले आपणहून मानेचे वळण दुरुस्त करू लागतात आणि वर्ग शांत होतो.

दुसऱ्या तासाला घरची चादर पाहून यायला सांगावे. चादर उलटली की रंगांची अदलाबदल झालेली दिसते : सुलट बाजूला गडद जमिनीवर फिका मोर असेल, तर पलीकडे फिक्या जमिनीवर गडद मोर. मुलांनी आपल्याच नक्षीची उलटी बाजू शेजारच्या भागात भरावी. आकृतीच्या बाजूची रिकामी जागाही एक आकारच असते, हे एरवी शब्दांत समजावणे फार कठीण जाते. येथे ती रिकामी जागा मुलाला स्वतःच्या हाताने रंगवावी लागते आणि मोराच्या पायांमधला त्रिकोण ओबडधोबड राहिला असेल तर तो लगेच नजरेत भरतो.

तिसऱ्या तासाला त्या नक्षीची पुनरावृत्ती घ्यावी. आधी ओळीने, मग एकाआड एक ओळ निम्म्याने सरकवून, आणि शेवटी किनार. किनारीचा कोपरा कसा वळवायचा, हा मोठ्यांनाही चकवणारा प्रश्न आहे. तो आठवीसाठी राखून ठेवला तरी चालेल. विणकामात आडवा धागा फार अंतरापर्यंत न बांधला जाता सुटा राहिला, तर तो अडकून ओढला जातो, हे एखादे मागवाले पालक सांगतील. त्यानंतर मोठ्या भरीव भागात ठिपके किंवा लहान पाने का टाकतात, हे वेगळे समजवावे लागत नाही.

स्मरणचित्र : गड्डा यात्रा

स्मरणचित्राला विषय देताना “जत्रा” एवढेच लिहून दिले तर प्रत्येक वहीत तोच पाळणा आणि तोच फुगेवाला येतो. जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची यात्रा, म्हणजेच गड्डा यात्रा, भरते, तेव्हा मुलांना आधी निरीक्षणाचे काम द्यावे. होम मैदानावर उभे राहून तीनच गोष्टी पाहून यायच्या : नंदीध्वजाची उंच काठी पेलणाऱ्या माणसाची कंबर आणि हात कसे असतात, बाराबंदी या पारंपरिक अंगरख्याच्या पांढऱ्या कापडाला सुरकुत्या कुठे पडतात, आणि गर्दीत मागच्या माणसांचे नेमके काय दिसते. पुढच्या तासाला चित्र काढायच्या आधी दहा मिनिटे तोंडी उत्तरे घ्यावीत. मार्कंडेय रथोत्सव, मोहरमची मिरवणूक किंवा गावाकडची वारी पाहिलेल्या मुलांनी आपापला प्रसंग निवडावा.

मुले बहुधा सगळी माणसे कागदाच्या तळाशी एका रांगेत, एकाच उंचीची काढतात. यावर दोन सूचना पुरतात. पुढचा माणूस आधी आणि मोठा काढायचा, मागच्याचा जेवढा भाग त्याच्याआड जातो तेवढा काढायचाच नाही. आणि सपाट मैदानावर उभे राहून पाहिले तर आपल्याएवढ्या उंचीच्या सगळ्या माणसांचे डोळे, ती जवळ असोत की दूर, साधारण एकाच आडव्या रेषेवर येतात, फक्त पाय वर सरकतात. दुसरी गोष्ट मुलांना पटत नाही. तेव्हा त्यांना प्रार्थनेच्या वेळी मैदानात नेऊन रांगेकडे पाहायला लावावे. माणसाची उंची मोठ्यांत डोक्याच्या सात ते साडेसात पट आणि या मुलांच्या वयात साधारण सहा ते साडेसहा पट असते. हे मापही तिथेच, एका मुलाला उभे करून, पेन्सिलीने मोजता येते.

बाहेर रेखाटनाला नेणे शक्य असेल तर भुईकोट किल्ला जवळचा आहे. त्याचे बुरूज म्हणजे मोठ्या मापाचे ग्लासच, त्यामुळे पहिल्या महिन्यातला लंबगोल तिथे पुन्हा उपयोगी पडतो. मुख्याध्यापकांची परवानगी, पालकांची लेखी संमती, सोबत आणखी एक शिक्षक आणि सकाळी दहाच्या आत परत, एवढी काळजी घ्यावी. पूर्ण किल्ला काढू देऊ नये. एक बुरूज किंवा एक दरवाजा पुरे.

मुलाच्या कागदाला हात लावावा का

लावू नये. “सर, एवढे नाक काढून द्या ना” अशी मागणी रोज येते आणि वेळ वाचवण्यासाठी ती पूर्ण करण्याचा मोह होतो. आपण रेघ ओढली की मुलाच्या लेखी ते चित्र आपले होते. दाखवायचेच असेल तर वेगळ्या पाठकोऱ्या कागदावर काढावे, मुलाला पाहू द्यावे आणि तो कागद खिशात घालून पुढे जावे. अभिप्राय देताना “छान” किंवा “नीट काढ” हे शब्द टाळावेत, कारण त्यांतून पुढे काय करायचे ते मुलाला कळत नाही. “कळशीची डावी बाजू उजवीपेक्षा फुगली आहे का ते मध्यरेषेपासून मोजून बघ,” असे सांगितले तर हाताला काम मिळते.

येथील वर्गांत तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या घरांतली मुले एकत्र बसतात. छटा, छाया, अक्ष, पुनरावृत्ती असे शब्द भिंतीवरच्या तक्त्यावर प्रत्यक्ष नमुन्यासह लावून ठेवावेत. मराठीत मागे पडणारे मूल या तासाला पुढे असू शकते. त्याने व्याख्या न सांगता बोट दाखवून उत्तर दिले तरी ते उत्तर धरावे.

मूल्यमापन आणि ग्रेड परीक्षा

आकारिक मूल्यमापनाच्या नोंदींसाठी प्रत्येक मुलाचा एक पुठ्ठ्याचा फोल्डर ठेवावा आणि प्रत्येक कामामागे तारीख लिहून घ्यावी. जूनमधला ग्लास आणि डिसेंबरमधला ग्लास शेजारी ठेवून श्रेणी द्यावी. वर्गातल्या सर्वांत सफाईदार चित्राशी तुलना करून दिली, तर घरी शिकवणी लावलेल्या चार-पाच मुलांनाच दरवर्षी ती मिळत राहते.

कला संचालनालयाच्या ग्रेड परीक्षांपैकी एलिमेंटरी परीक्षेला मुले साधारणपणे आठवीच्या आसपास बसतात आणि त्यानंतर इंटरमिजिएटला. एलिमेंटरीत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन असे विषय असतात. वर सांगितलेले काम दोन वर्षे झाले असेल तर पहिल्या तीन विषयांसाठी वेळ लावून सराव करण्याखेरीज वेगळे काही करावे लागत नाही. भूमिती आणि अक्षरलेखन मात्र स्वतंत्रपणे घ्यावे लागते, कारण तिथे नेमकेपणालाच गुण असतात : कंपासचे टोक सैल असेल, पेन्सिल बोथट असेल किंवा दोन अक्षरांमधले अंतर पट्टीने सारखे मोजून ठेवले असेल, तर गुण जातात. शेवटची गोष्ट मुलांना विचित्र वाटते. “मामा” आणि “रमा” हे शब्द मोठ्या जाड अक्षरांत लिहून दाखवावेत. “र”च्या शेजारची मोकळी जागा मोजमाप सारखे ठेवूनही जास्त दिसते, म्हणून ते अंतर डोळ्याने थोडे कमी करावे लागते. परीक्षेचे अर्ज भरण्याची मुदत शाळा सुरू झाल्यावर लवकरच येते, तेव्हा बसू इच्छिणाऱ्या मुलांची यादी जूनमध्येच करून कार्यालयाकडे द्यावी, आणि शुल्क भरणे ज्यांना जड जाते त्यांच्याविषयी मुख्याध्यापकांशी त्याच वेळी बोलून घ्यावे.